केळ्याआधीचे शब्द

दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेली ती मुलगी माझ्या डोक्यातच गेली. म्हातारा बाप सोललेलं केळं हातात धरून बसलेला, गोळीची वेळ टळत चाललेली, आणि ही नुसती बघतेय.

"अगं, भरव की त्यांना! हात मोडलेत का तुझे?"

"आजी, आम्ही ज्यू. खाण्याआधी देवाचे आभार मानतो. झाडाच्या फळाचे शब्द वेगळे, जमिनीच्या पिकाचे वेगळे. झटका आल्यापासून बाबांना केळ्याचे कुठले तेच आठवत नाही."

"मग तू सांग!"

"सांगितलेलं त्यांना खपत नाही. आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलंय ना."

ती बापाकडे वळली.

"बाबा, उपाशीपोटी गोळी चालणार नाही."

"आठवलं की खाईन. घाई करू नकोस."

"मग अर्धं मला द्या. मी आपले झाडाचे शब्द म्हणते."

"थांब! कुठले म्हणतेस?"

"झाडाचे. सफरचंदाला म्हणतो तेच."

"घोडी झालीस तरी तेच! केळीला लाकडाचं खोड असतं का गं? एकदा घड दिला की संपली ती. जमिनीचे म्हणायचे, जमिनीचे!"

"अय्या, हो की! कसे ते, बाबा?"

म्हाताऱ्यानं डोळे मिटून ते शब्द घडाघडा म्हटले आणि केळ्याचा मोठा घास घेतला. मुलीनं गोळी शोधायच्या निमित्तानं पिशवीत तोंड घातलं, ते बराच वेळ वर काढलं नाही.

नर्स म्हाताऱ्याला आत घेऊन गेली, तेव्हा मी त्या मुलीला म्हटलं, "पोरी, असं चुकायला अक्कल लागते."