बायकांच्या बाकावरचा पाहुणा

माझ्यावर मेलं कुणी विश्वासच ठेवला नाही गं! मुलुंडच्या आमच्या चर्चमध्ये बायका डावीकडे बसतात, पुरुष उजवीकडे. मिशनच्या कामाला परदेशातून आलेला गोरा पाहुणा सरळ माझ्याच शेजारी येऊन बसला. मी त्याला पुस्तकातली गाणी काढून दिली, तर घरी सासू सुरू झाली, "परक्या पुरुषाला जागा देताना लाज नाही वाटली?"

"अहो आई, मी नाही बोलावलं त्याला!"

नवरा खाली मान घालून जेवत होता.

पुढच्या रविवारी पाहुण्याने उभं राहून आभार मानले. पाळकांनी ते मराठीत सांगितलं, "दारावर स्वागताला उभ्या असलेल्या भावाने मला आपल्या बायकोशेजारी बसवलं. म्हणाला, तिला सगळी गाणी येतात."

सासूसकट अख्खी मंडळी दाराकडे वळली. तिथे उभा आमचा नवरोबा, सॅमसन!