फियाटचं स्पीकर आणि पायलीभर जोंधळं

...न्हाय, मला एवढंच सांगा, गाडी कुणाची? माझी! एक्याऐंशी सालची फियाट, पंधरा वर्षं गगनबावड्याच्या पावसात भिजल्याली, पण माझी! मग तिचं स्पीकर कुणी निवडायचं? तुम्ही म्हणणार, अण्णासो, तुम्हीच की! मलाबी तसंच वाटलंतं...

तुम्हाला सांगतो, आमचा सूरज मिलिटरीत, लेहला. त्येच्या आईला, आमच्या शालूबाईला, वाचता येत न्हाय, म्हणून पोरगं पत्र लिहीत न्हाय, बोलणं कॅसेटीत भरून धाडतंय. घरातला टेप भावकीच्या लग्नाला गेलता, त्यो तिकडंच नांदाय लागला! ऱ्हायला गाडीतला, आणि त्येचं स्पीकर फाटल्यालं. ह्या खेपेला पोरगं म्हणालं, जेवण बरं हाय, थंडी लई हाय... आणि शेवटाला आवाज बारीक करून, "आई, एक सांगतो..." फुडं नुसतं खर्रर्र! दहादा लावली, दहादा खर्रर्र! चार दिवस बाईच्या घशाखाली घास उतरला न्हाय हो. "पोरगं दुखणं लपवतंय," म्हणती. माझंबी काळीज हाललं, खोटं कशाला बोलू?

गेलो दोघंबी कोल्हापुरात, राजारामपुरीत, कृष्णातच्या दुकानात. त्यो परातीएवढं स्पीकर काढून म्हणतोय, "पावणं, तीनशे वॅट! शिरोलीत वाजवा, कागलला लोक नाचतील!" त्येनं गाणं लावलं, माझ्या चष्म्याची काच थरथरली, मी खूश! पण गाडी कुणाची...

शालूबाई म्हणाली, "गाणं बंद करा. माणूस लावा."

"माणूस?" कृष्णात माझ्याकडं बघतोय, मी आभाळाकडं!

तिनं पिशवीतनं कॅसेट काढली. तीनशे वॅटात पोरगं "जेवण" म्हणालं की नुसतं धुम्म! "भांडं मोठं, आत काय न्हाय," म्हणाली. दुसरं लावलं, तिसरं लावलं. आवो, डेअरीत कॅनवर टिचकी मारून दूध किती ते सांगणारी बाई ती! शेवटाला कृष्णातनं फळीखालनं धूळ खाल्ल्यालं बारकं स्पीकर काढलं. तिनं मान डोलावली. मी म्हटलं, सुटलो!

"आता पाऊस पाडा."

"काय?"

"आमच्याकडं चार महिनं टपावर पाऊस बडवतोय. त्यात ऐकू आलं पायजे. डिकीत दळणाचं जोंधळं हाईत न्हवं? वता टपावर!"

मला सांगा, असं डोकं इंजिनेरचं तरी चालंल का? कृष्णातनं बारकं स्पीकर गाडीत जोडलं, ती कॅसेट घिऊन आत बसली, काचा वर केल्या, आणि भर राजारामपुरीत मी स्वतःच्या गाडीच्या टपावर जोंधळं वततोय! ताड ताड ताड! रिक्षावालं थांबल्यात, एक म्हातारी म्हणती, "नवी गाडी हाय व्हय, पूजा चाललीया?" गाडी कुणाची, म्हातारे? माझी!

आणि काचेतनं बघतोय तर काय... शालूबाईच्या डोळ्याला पाणी! मी वतायचं थांबलो. आणि तेवढ्यात बाई हसाय लागली, पदर तोंडाला लावून, पोट धरून! मी काच वाजवली. "काय म्हणतोय पोरगं? बरं हाय न्हवं?"

तिनं काच चार बोटं खाली केली. "ब्येस हाय."

"मग एवढं बारीक आवाजात काय सांगितलं त्येनं?"

"म्हणतोय, आई, एक सांगतो, पण आधी अण्णांस्नी गाडीतनं खाली उतरीव."

"आणि मग?"

"मग काय? तुम्ही उतरल्यालाच हुतासा की!"

आणि काच वर! स्पीकर इतकं झ्याक निघालं बघा, आतला शब्द बाहीर येत न्हाय... मी आपला खाली बसून जोंधळं गोळा केलं.