मुन्नी पळालेली नाही

नाव : आमिना कादिर चोगले
वय : ५४ वर्षे
काम : नोकरी, हॉटेलात मुख्य स्वयंपाकीण
राहणार : शराफिया, जेद्दा. मूळ गाव श्रीवर्धन, जि. रायगड

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर नवरा कादिर यांच्यासोबत राहते. आम्ही दोघे ज्या हॉटेलात काम करतो ते अफनान नावाच्या सौदी बाईंच्या मालकीचे आहे. वडिलांच्या पश्चात त्याच ते चालवतात. मी रांधते, कादिर गल्ल्यावर बसतात. मला अरबी बोलता येते, पण वाचता येत नाही, आणि वाचता न आलेल्या कागदावर मी सही करत नाही. म्हणून दुभाषी उमाकांत खेडेकर यांनी माझे म्हणणे आधी मराठीत लिहावे आणि मग त्याचे अरबी करावे, असे मीच सांगितले. मला इथे कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन आले आहे आणि सोबत सिद्धार्थ इंगोले यांनाही आणले आहे. ते बाहेर बाकावर बसले आहेत.

सिद्धार्थ हे वाशिमकडचे. इथे साफसफाईचे ठेके घेणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर आहेत. मुन्नी उमैर पेवेकर ही त्यांच्या हाताखाली सफाईचे काम करते. ती माझ्याच तालुक्यातली असून मला खाला, म्हणजे मावशी, म्हणते. मुन्नी काम सोडून पळाली, अशी तक्रार कंपनीने सिद्धार्थ यांच्या सांगण्यावरून दिली आहे. ही तक्रार चुकीची आहे. ती तशीच राहिली तर मुन्नीचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, जाईल, तिला परत पाठवतील, आणि तिचा नवरा हुफूफच्या इस्पितळात पायाला प्लास्टर बांधून एकटा पडून राहील. हे मी आधीच सांगून टाकते, कारण बाकीचे लांबलचक आहे आणि जबाब घेणाऱ्या साहेबांना घाई दिसते.

साहेबांनी विचारले की, तिचा फोन बंद का होता. तिचा फोन बंद नव्हता. त्यात नेट नव्हते. ते का नव्हते, हे सांगायचे तर मला माशांच्या थाळीपासून सुरुवात करावी लागेल.

शुक्रवारी दुपारी आमच्या हॉटेलात कोकणातली माणसे माशाच्या थाळीसाठी येतात. आता कोकणाबाहेरचेही येतात, माझ्या हाताला चव आहे. गेल्या वर्षी मी अफनानबाईंना म्हटले की, आपल्या गल्लीतल्या सफाईवाल्या बाया आणि ड्रायव्हरांची घरे यांच्याकडे फोन आहेत, पण महिनाअखेर नेटचे पॅकेज भरायला हात पोचत नाही. इथे डॉक्टरची वेळ फोनवर, बँकेचा कोड फोनवर, इकाम्याचा मेसेज फोनवर, उद्या कुठल्या इमारतीत झाडू मारायचा तेही फोनवर. तेव्हा थाळीला एक रियाल वाढवू आणि तेवढ्यातून दुकानाने त्यांची पॅकेजे भरावी. अफनानबाई हो म्हणाल्या. आम्ही लपवाछपवी केली नाही, दरफलकावर कारण लिहून टाकले. इथेच माझे चुकले असे कादिर म्हणतात. गुपचूप भाव वाढवला असता तर कोणी हूं की चूं केले नसते.

पहिल्याच शुक्रवारी वाद सुरू झाला. सिद्धार्थ म्हणाले, "काकी, माझं बिल मी भरतो ना? मग दुसऱ्याचं मी का भरायचं? फोन ही काय औषधाची बाटली आहे?" मी म्हटले, "औषध लिहून देणारा डॉक्टर फोनशिवाय भेटत नाही, बाबा." दुसरे एक गृहस्थ म्हणाले की, या बाया दिवसभर रील बघणार आणि भुर्दंड आम्हाला. ते स्वतः जेवताना फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून क्रिकेट बघत होते. मी फक्त त्यांच्या फोनकडे बघितले. त्यांनी तो पालथा ठेवला.

सिद्धार्थ म्हणाले की, डबा ठेवा, ज्याला द्यायचे तो देईल. त्यावर कादिर यांनी सांगितले की, डबा ठेवणे म्हणजे वर्गणी, आणि परवान्याशिवाय वर्गणी गोळा करायची या देशात सोय नाही. थाळीचा भाव हा दुकानाचा प्रश्न आहे. शिवाय डब्यात कोण टाकणार हे आम्हाला ठाऊक होते. ज्यांची स्वतःची पॅकेजे संपलेली असतात तेच टाकणार.

कादिर यांनी असेही विचारले की, कंपनी कामाची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, तर नेट कंपनीने का देऊ नये. सिद्धार्थ म्हणाले, कंपनी पगार देते, तो पुरे. म्हणजे यादी कंपनीची, फोन बाईचा, आणि कुणी भरायचे यावर सगळे एकमेकांकडे बोट दाखवणार.

मात्र सिद्धार्थ यांचा एक मुद्दा रास्त होता आणि तो मी मान्य केला. ते म्हणाले, "रियाल मलाही तोच आणि ड्रायव्हरलाही तोच. मग गरिबासाठी गरिबाच्याच खिशात हात घातलात की." मला ते पटले. म्हणून मी बांगड्याच्या थाळीचा भाव पूर्वीइतकाच ठेवला आणि वाढ फक्त सुरमईवर केली. सुरमई साहेबलोक खातात, बांगडा ड्रायव्हर खातात. मला वाटले, आता कोणाची तक्रार उरायची नाही. पुढच्या शुक्रवारी सिद्धार्थ यांनी बांगडा मागवला. त्यांच्या टेबलावरच्या सगळ्यांनी बांगडा मागवला. हळूहळू निम्मे सुरमईवाले बांगड्यावर उतरले. एका रियालासाठी माणसे काटे काढत बसली, पण सुरमईला हात लावीनात. मला राग आला आणि हसूही आले. माझी सुरमई उरू लागली, ड्रायव्हरांना बांगडा कमी पडू लागला, तेव्हा अफनानबाईंनी वाढ रद्द केली आणि म्हणाल्या, "खलास आमिना, मी हॉटेल चालवते, संसद नाही." मी त्यांना तोंडावर सांगितले की, तुम्ही घाई केलीत. त्या मालक आहेत, मी स्वयंपाकीण आहे. फलक उतरला. त्या महिन्यापासून कोणाचेच पॅकेज भरले गेले नाही, मुन्नीचेही नाही.

फलक उतरल्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी मुन्नी धावत हॉटेलात आली. तिचा नवरा उमैर हुफूफला खजूर भरण्याच्या कारखान्यात आहे. त्याच्या पायावर खोक्यांची थप्पी कोसळली, उद्या ऑपरेशन, असा निरोप आला होता. दोघांना व्हिसा देऊन कामावर आणणारे कफील वेगळे, म्हणून एक या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला. सिद्धार्थ तेव्हा जेवत होते. मुन्नी त्यांच्या टेबलापाशी उभी राहून म्हणाली, "सर, मला जाव दे. त्याच्याकडे कोण नाय." सिद्धार्थ म्हणाले, "जा. ऑपरेशन होऊन तो सावरेपर्यंत थांब. मी वर सांगतो. पण फोनवर संपर्कात राहा." हे मी माझ्या कानांनी ऐकले. मी तेव्हा त्याच टेबलावर सोलकढी ठेवत होते. कादिर यांनीही ऐकले. म्हणजे रजा दिली होती. रजा देऊन वर अट घातली ती फोनची, आणि अट घालणारा कोण, तर फोन ही गरज नाही असे सांगणारा माणूस. संध्याकाळच्या बसने ती गेली.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. ज्यांचे बाप-भाऊ आखातात, अशा घरांत मिस्ड कॉलची ठरलेली भाषा असते. एकदा रिंग देऊन कापली तर सगळे खुशाल. लागोपाठ दोनदा दिली तर तू फोन कर. उचलायचा नाही, पैसा जात नाही. मुन्नी यातच वाढली आहे. तिच्या फोनमध्ये रिंग देण्यापुरते चार पैसे शिल्लक होते. मला ती रोज संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर एक रिंग देत असे. मी समजत असे की बरे चालले आहे, आणि कामाला लागत असे. नेट संपल्याचे माझ्या डोक्यात आले नाही.

काल संध्याकाळी सिद्धार्थ हॉटेलात आले आणि सहज बोलावे तसे म्हणाले, "तुमची ती मुन्नी पळाली, काकी. फोन बंद करून बसली. मलाच वर उत्तर द्यावं लागलं असतं, म्हणून तक्रार दिली." मी हातातला झारा खाली ठेवला. मी विचारले, "फोन लावलास?" ते म्हणाले, "रोज मेसेज टाकले. एकच टिक. दुसरी येतच नाही." मी म्हटले, "मी मेसेजचं नाही विचारत. नंबर दाबून फोन लावलास?" ते पुन्हा मेसेजच दाखवू लागले. तेव्हा माझ्या ध्यानात आले. मी म्हटले, "तुझा फोन काढ. आलेले कॉल दाखव." त्यांनी काढला. त्यात 'क्लीनर मुन्नी' या नावाचे मिस्ड कॉल होते. रोज संध्याकाळी, लागोपाठ दोन. ते म्हणाले, "मला वाटलं चुकून लागतोय. काम असतं तर बोलली नसती का?" मी म्हटले, "बोलायला बॅलन्स लागतो. ती तुला रोज सांगत होती की, सर, फोन करा."

पळून गेलेली बाई आपल्या सुपरवायझरला रोज दोनदा रिंग देत नाही. ती लपते. ही साधी गोष्ट आहे आणि साहेबांनी ती लिहून घ्यावी. मिस्ड कॉल सिद्धार्थ यांच्या फोनमध्ये अजून आहेत, पुसलेले नाहीत. माणूस म्हणून ते वाईट नाहीत. माझ्यासमोर त्यांचा चेहरा उतरला आणि जेवण तसेच राहिले. पण त्यांच्या चांगुलपणाने मुन्नीचा इकामा वाचत नाही. म्हणून मी त्यांना म्हटले, "उद्या सकाळी यल्ला, ठाण्यात चल." ते आले.

मघाशी साहेबांनी स्वतः ठाण्याच्या फोनवरून मुन्नीचा नंबर लावला. दुसऱ्याच रिंगला तिने उचलला. साहेबांनी स्पीकर सुरू केला. मागे इस्पितळातली माणसे बोलत होती. साहेबांनी अरबीत नाव विचारले, तशी ती घाबरली, म्हणून मी बोलले. मी सांगितले की, मी ठाण्यात आहे, सिद्धार्थ सर बाहेर आहेत. तिने उमैरचे काही सांगितले नाही, फोन का केला नाही तेही सांगितले नाही. तिने एकच विचारले, "खाला, माझी नोकरी गेली काय?"

मी म्हटले, नाही गेली. हे मी साहेबांना न विचारता, कंपनीला न विचारता सांगितले आहे. मला दुसरे उत्तर देववले नाही. आता ते खरे करणे तुमच्या हातात आहे. तक्रार मागे घेतल्याची नोंद माझ्यासमोर व्हावी, तोवर मी इथून उठणार नाही. रात्रीच्या जेवणाची तयारी कादिर बघतील.

हा जबाब दुभाष्यांनी मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. एके ठिकाणी त्यांनी माझे बोलणे मवाळ केले होते, ते मी पूर्ववत करून घेतले. आता तो मी सांगितला तसाच आहे आणि खरा आहे, म्हणून सही करते.

सही : आमिना कादिर चोगले

मला आत बोलावून हा जबाब माझ्यासमोर वाचला. मी मुन्नी पेवेकर यांना तोंडी रजा दिली होती हे खरे आहे. त्यांनी मला रोज फोन केला होता हेही खरे आहे. कंपनीच्या वतीने तक्रार मागे घेत आहे.

सही : सिद्धार्थ इंगोले