चार नंबरचं यंत्र

सन्माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, ग्रंथालयातले माझे सोबती आणि पुस्तकं उशिरा परत करूनही आज अगदी वेळेवर आलेल्या वाचकहो,

एकतीस वर्षं मी या खोलीत "हळू बोला" सांगत आले, आणि आज मलाच माईक दिलाय. थकलेय मी. गुडघे तर माझ्याआधीच निवृत्त झालेत, तेव्हा लांबण लावत नाही.

मघाशी माझ्या शिस्तीचं कौतुक झालं. त्याच शिस्तीबद्दल एक सांगायचंय. आपण ई-रीडर घरी वाचायला देतो. परत आला की आधीच्या वाचकाचे बुकमार्क पुसायचे आणि मगच पुढच्याला द्यायचा, हा नियम माझाच. आपले घड्याळवाले काका त्यातलं चार नंबरचं यंत्र न्यायचे. काकू अंथरुणाला खिळलेल्या. काका दुपारी त्यांना कादंबरी वाचून दाखवायचे आणि काकूंचा डोळा लागला की तिथे खूण करायचे. एकदा काका यंत्र घेऊन मुदत वाढवून घ्यायला आले. मी बोलता बोलता, हाताच्या सवयीनं, सगळं पुसून टाकलं.

काका म्हणाले, "असू द्या हो बाई. कुठवर आलो होतो ते आता दोघांनाही सांगता यायचं नाही. पहिल्यापासून वाचू. नाहीतरी तिनं अर्धं झोपेतच ऐकलंय."

पुन्हा सुरुवात झाली. शेवटची चाळीस पानं राहिली आणि काकू गेल्या. मी पुसलं नसतं, तर त्यांना शेवट ऐकायला मिळाला असता. दोन वर्षं झाली, ही बोच काही जात नाही.

काका यंत्र परत द्यायला आले. "पुढचं मीही नाही वाचलं," म्हणाले. त्या दिवशी पुसायला माझा हात धजेना. अध्यक्षसाहेब, रजिस्टरमध्ये चार नंबरपुढे 'नादुरुस्त' असा माझ्या हातचा शेरा आहे. तो खोटा आहे. यंत्र माझ्या कपाटात होतं, दर सोमवारी मी ते चार्ज करत होते. आज सोबत आणलंय.

आपण सगळ्यांनी मला सांभाळून घेतलंत, मनापासून आभारी आहे. चुकलंमाकलं पोटात घाला, असं शेवटी सगळेच म्हणतात. मी ते तिसऱ्या रांगेत बसलेल्या काकांना म्हणतेय.

काका, खूण होती तिथेच आहे. घरी न्या, आणि मोठ्यानं वाचा. परत करायची तारीख मी टाकलेली नाही.