सरावापुरतं अशील

दवाखान्यात बाळ मांडीवर झोपलं होतं, म्हणून मला हलता येत नव्हतं. मागच्या बाकावर कायदा शिकणारी एक मुलगी कॉलेजच्या मोफत सल्ला केंद्रात बसण्याआधी सराव म्हणून आत्यालाच अशील करून प्रश्न विचारत होती.

"बोला बाई, अडचण काय?"

"भाऊ म्हणतो, आईच्या घरातला हिस्सा सोडल्याच्या कागदावर सही कर."

"मस्त रचलंस! भाऊ कसा आहे?"

"गोडबोल्या. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो."

"आत्या, हे तर बाबा!"

"वकीलबाई, अशिलाला मध्येच तोडू नका."

"खरंच कागद आणलाय त्यांनी?"

"उद्या आणणारेय."

"सही करू नकोस हं."

"मग दादाला काय सांगू?"

"माझ्या वकिलाशी बोल म्हणावं."

"कोण वकील, विचारेल ना!"

"आज जेवताना मीच सांगते. तू फक्त माझ्या शेजारी बस."