उघड्या दाराचा दिवाळी अंक

रामकृष्ण हरी, मंडळी! महादबा, पखवाज जरा थांबवा. आज एक साधा प्रश्न विचारतो — देवानं डोळे दिले ते कशाला? बघायला? बरं! मग रोज समोर असतं तेच माणसाला दिसत का नाही?

ऐका! बार्शीला गजाभाऊ शेटे म्हणून भांड्यांचे व्यापारी. माणूस सज्जन! पण नाद एक — साठ-सत्तर वर्षांपूर्वी खास पुरुषांसाठी मासिकं निघायची ना, ती जमवायची. वर नटलेली बाई, आत शिकारीच्या गोष्टी, आणि बाकीचं... हसताय काय, आप्पा? तुम्हाला कसं ठाऊक?

प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत. कपाटात डांबरगोळ्या. कुठल्या बाईच्या गालावर तीळ, कुणाचा पदर कसल्या रंगाचा — डोळे मिटून सांगायचे! फक्त एक दिवाळी अंक मिळत नव्हता. त्यापायी अन्न गोड लागेना!

एका दुपारी रद्दीवाल्यानं तोच आणून दिला. गजाभाऊ हरखले! पण कव्हरवर बाईच नाही! नुसतं एक दार — उघडं. "असेल चित्रकाराची लहर," म्हणाले आणि अंक पिशवीत घातला.

तेवढ्यात चहा घेऊन कुमुदवहिनी आल्या. त्यांची बायको. खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. "अहो, जरा इकडे बघता का?"

"ठेव तिथं. आणि दार लाव."

मान वर केली? छे!

बराच वेळ झाला, चहा दिसेना. हाक मारली — ओ नाही. बाहेरच्या दाराला आतून कडी. चपला जागच्या जागी. आणि बाई नाही!

फौजदार आले. "वर्णन सांगा. साडी कसल्या रंगाची?" गजाभाऊ कपाटाकडे बघायला लागले. "नाक-डोळे कसे?" मंडळी, एवढा संसार झाला, पण डोळ्यांपुढे चेहराच येईना!

शेजारच्या शेवंताकाकू धावत आल्या. टेबलावरच्या त्या अंकावर नजर गेली आणि किंचाळल्या, "अगं बाई! ही तर कुमुद!"

चित्रातल्या दारात एक बाई उभी. पाठमोरी. हातात कपबशी.

"हे मासिक माझ्या जन्माआधीचं आहे हो!" गजाभाऊ ओरडले.

"असू दे! ब्लाउजला ते ठिगळ मी लावलंय, कालच!"

गजाभाऊंनी पिशवीला हात लावला. ती आतून वाफेनं धुरकटली होती... आणि ऊन होती.

आजही ते तिथंच बसलेत. "कुमुद, वळ ना गं," म्हणतात. आणि लगेच डोळे मिटून घेतात — वळली, आणि मला ओळखूच आली नाही तर?

हसू थांबलं ना, आप्पा? आता मंडळी, डोळे मिटा. मघाशी घरून निघालात, तेव्हा दारात कोण उभं होतं? काय नेसलं होतं? शेजाऱ्याला विचारू नका! आठवून सांगा!

...आठवत नाही?

मग आरतीला थांबू नका. देव रागावणार नाही. उठा, घरी जा — आणि दार अजून उघडं आहे का, ते बघा.