दुसरं पातेलं

नाही नाही, उठू नका, ताई — मीच बसतो तुमच्यासमोर, चालेल ना? मालक बाहेर गेलाय, नाहीतर आचाऱ्यानं गिऱ्हाइकाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायचं म्हणजे गहजब — पण आज बसतो. तुम्हीच निरोप धाडलात ना आत, 'भोपळ्याचं सूप ज्यानं केलं त्याला बोलवा, त्याचा हात बघायचाय' म्हणून? हा घ्या हात. बघा नीट. झालं बघून? आता ऐका — ते सूप ह्या हातचं नव्हतं. काय? छे हो, विनय कसला, माझ्या अंगात विनयाचा थेंब नाही, आत कुणालाही विचारा. खरंच माझं नव्हतं. मलाही आत्ताच कळलंय, तुमचा वाडगा बाहेर आला त्याच्या जरासं आधी. माझं सूप मोरीत गेलं.

हसू नका — नाही, हसलात तरी चालेल, कुणीतरी तोंडावर हसू दे एकदाचं. सांगतो, बसा. आमच्या स्वयंपाकघरात एक रीत आहे, मीच घातलेली. कुठलंही पातेलं चुलीवरून उतरायच्या आधी दोघांनी चाखायचं — करणाऱ्यानं आणि दुसऱ्या कुणीतरी. आणि दुसऱ्यानं मोठ्यानं ओरडून सांगायचं, सगळ्यांच्या देखत — 'कमी', 'जास्त', नाहीतर 'पाठव'. बास. लाजायचं नाही, कुजबुजायचं नाही, 'तसं बरंय पण' असलं काही नाही. माझं पातेलं असलं तरी हेच. भीड भिकेची बहीण, ताई — आज आचाऱ्याची भीड धरलीत तर उद्या गिऱ्हाईक दुसऱ्या दारात उभं. आणि माझ्या पातेल्यात चमचा घालायची कोण? मिरची. दुसरं कुणी नाही.

मिरची म्हणजे माझ्या हाताखालची — नाव वेगळंच आहे, पण मी ठेवलेलं हेच चालतं, मालकसुद्धा तसंच हाक मारतो. का ठेवलं सांगू? नोकरी मागायला आलेल्या सगळ्यांना मी माझं सूप चाखायला दिलं होतं. एकानं डोळे मिटले, एकीनं 'अहाहा' केलं, एक तर म्हणाला आईची आठवण आली — भामटा! आणि ही एवढीशी, कोपऱ्यात उभी, म्हणते, 'मामा, यात काहीतरी राहिलंय.' सगळे गार. मालकाचा चेहरा पडला, त्याला वाटलं आता मामा पळी फेकून मारणार. अहो, खरंच राहिलं होतं, लिंबू पिळायचं राहिलं होतं! तिथल्या तिथं तिला ठेवून घेतली. बाकीच्यांना वाट दाखवली. तेव्हापासून माझ्या हाताला तिची जीभ, असंच चाललंय. लेकीसारखी — नाही, लेकीसारखी नाही. लेक बापाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलते. ही बोलायची नाही. म्हणून तर ठेवली होती.

तर आज. मी सूप उतरवलं, ती आली, चमचा घातला, चाखलं, आणि घसा ताणून ओरडली — 'पाठव!' असं ठणठणीत, की बाहेर तुम्हालाही ऐकू गेलं असेल. मी खूश. सूप उतरलं की मी मागच्या खोलीत जाऊन एप्रन बदलतो, घामानं चिंब झालेला असतो. आज तिथं धुतलेला एप्रनच नव्हता, म्हणून तसाच परत फिरलो. बघतो तर काय — मिरचीनं माझं पातेलं उचललंय, आणि मोरीत ओततेय. सगळं. आणि ओट्याखालून, फडक्याखाली झाकलेलं, दुसरं पातेलं बाहेर काढलंय — तिचं! सूप तयार! भांडी घासणारी मावशी दाराकडे तोंड करून पहाऱ्याला उभी — तीच पहिली दिसली मला, तिच्या हातातली घासणी खाली पडली. आणि बाकीचे आपापलं काम करतायत, कुणी कांदा चिरतोय, कुणी तांदूळ निवडतोय — कुणाला काही नवल नाही! म्हणजे कळलं ना? हे रोजचं आहे. रोज मी नाटकातल्यासारखा पळी हलवणार, ही 'पाठव' म्हणून बोंबलणार, मी एप्रन बदलायला जाणार आणि माझ्या पाठीमागं माझं सूप मोरीत. सगळ्यांना ठाऊक. मी सोडून.

केसानं गळा कापला, ताई. परक्यानं कापला असता तर मी सुरी घेऊन मागं लागलो असतो. पण हिनं?

विचारलं ना, विचारलं तर. म्हटलं, 'काय होतं माझ्या सुपात?' हातातलं पातेलं खाली ठेवलं तिनं. म्हटलं, 'कमी की जास्त, एवढं तरी सांग, रीत आहे आपली!' तर रडायला लागली. म्हणते, 'मामा, कधी नुसतं पाणी, कधी मीठच मीठ. मालकाला कळलं असतं तर तुम्हाला काढलं असतं.' अगं, म्हणून? म्हणून मला खुळ्यात काढायचं? माझ्यावर दया करायला तुला कुणी नेमलं होतं? तू एक शब्द बोलली असतीस ना — 'मामा, तुमची चव गेलीय' — एवढाच — तर काय झालं असतं? मी रागावलो असतो. पळी फेकली असती, बरोबर आहे, फेकली असती. आणि मग? मग खाली बसलो असतो, आणि म्हटलं असतं, बरं बाई, मी ढवळतो, तू चाख. तुझी जीभ, माझा हात. मीठ किती ते तू सांग, कधी घालायचं ते मी सांगतो. चाललं असतं ना? तुम्हीच सांगा, अशीही माणसं कामं करतातच की, एकाला दिसत नाही, एकाला ऐकू येत नाही. पण तोंडावर 'पाठव' आणि पाठीमागं मोरी — ह्यानं मी कुठला राहिलो? आता ती उद्या 'कमी' म्हणाली तरी मला खरं वाटायचं नाही. 'जास्त' म्हणाली तरी नाही. तिनं नुसतं सूप नाही हो ओतलं.

काय म्हणालात? मी तिला का नाही सांगितलं? मी — मी कशाला सांगू? मला काय माहीत — हे बघा, तापातून उठल्यावर तोंडाला चव नसतेच, सगळ्यांचंच होतं. मला वाटलं येईल, दोन दिवसांनी येईल. मग म्हटलं महिनाभरात येईल. घरी बायकोनं दूध गॅसवर ठेवलं, मला म्हणाली लक्ष ठेवा, मी शेजारीच पाठमोरा बसलेलो, आणि दूध करपून पातेलं काळं झालं, वास काही आला नाही, धूर डोळ्यांना लागला तेव्हा कळलं. मी म्हटलं, डुलकी लागली. डुलकी कसली, टक्क जागा होतो. मग एक दिवस तिनं जेवायला वाढलं, विचारलं कसं झालंय, मी म्हटलं झकास — तर तिनं घास तसाच ताटात ठेवला. मीठच घातलं नव्हतं तिनं. मुद्दाम. उठून माझ्या पानात मीठ वाढलं आणि मुकाट्यानं जेवली. मीही मुकाट्यानं जेवलो. पण ते घरचं झालं! घरचं आणि कामावरचं एक नसतं, ताई. आणि मी आचारी आहे — आचाऱ्यानं काय सांगायचं, मला चव कळत नाही? मग मी आहे तरी कोण? दुसरं काय येतं मला? ह्या वयात मला दुसरं कोण काय शिकवणार? आणि तुम्ही कशाला मला बोलतं करताय? मी मिरचीचं सांगत होतो.

असो. राग नका मानू. माझं डोकं ठिकाणावर नाहीये.

एक काम होतं तुमच्याकडे. हा वाडगा बघा — हो, तो मी आल्या-आल्या ठेवलाय, तुमचं लक्षच नाही. सगळ्यांना बाहेर काढलं, दाराला कडी घातली आणि एकट्यानं केलंय. भोपळा तोच, चूल तीच. कुणाचा हात लागलेला नाही, कुणाचा चमचा लागलेला नाही. मिरची कडी वाजवत होती, मी उघडली नाही. कदाचित ती उगाच घाबरली असेल, काय? पोरीच त्या, एकदा मीठ जास्त पडलं की डोक्यात घेऊन बसतात. कदाचित हाताला आठवत असेल. जीभ गेली तरी हात इतकी वर्षं तेच करतोय, हाताला काही अक्कल असेलच ना. म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं. तुम्ही कोण, कुठल्या, मला माहीत नाही — म्हणून तर बरं. माझ्या नोकरीशी तुमचं देणंघेणं नाही, मी पळी फेकली तरी तुम्हाला लागायची नाही. आणि पहिल्या वाडग्याची चव अजून तुमच्या जिभेवर आहे. एवढंच करा. एक चमचा. आणि आमच्या रीतीनं सांगा — कमी, जास्त, की पाठव. तुम्ही जे म्हणाल ते मी मानीन, वर एक शब्द बोलणार नाही. जास्त म्हणालात तर उद्या मी स्वतः जाऊन मालकाला सांगतो. घ्या.

घ्या ना. पूर्ण चमचा भरून घ्या.

हं.

काय?

परत सांगा.

'पाठव.' असं. तितकंच चांगलं झालंय म्हणता, पहिल्यासारखंच. बरं. मग अजून एक घ्या. नको? पोट भरलं? पहिला वाडगा तर पुसून खाल्लात, पाव मागून घेतलात वरनं. आणि पाणी कशाला ओढलंत, ताई? गरम लागलं? मी इतका वेळ तोंडाची टकळी चालवतोय, केव्हाच गार पडलंय ते. डोळ्यांत पाणी आलंय तुमच्या. राहू द्या, राहू द्या, रुमाल आहे टेबलावर.

मिरचीला मी हाताखाली वाढवलं होतं, तिचा जीव अडकला होता, तिचं एकवेळ समजू शकतो. तुमची-माझी ना ओळख ना देख. तुम्हाला काय गरज होती?

उठा. नाही, काही बोलू नका आता. पर्स घ्या तुमची. दार ओढून घ्या जाताना.